दुसरी पट्टी

"मिनिटाला सहा श्वास," थोरली सून फोनवर म्हणाली. सासूबाईंच्या छातीवरची नजर तिने हलवली नाही. "नाही डॉक्टर, आता पाचच."

पलंगापाशी धाकटा दीर पाय पसरून बसला होता. दोन वर्षांनी, चार दिवसांसाठी आला होता, आणि आल्याआल्या आईची आबाळ कुठेकुठे होते ते त्याने शोधून ठेवलं होतं.

"झोपू द्या ना, वहिनी. किती दिवसांनी आई विव्हळत नाहीये. तुम्हाला शांतता सोसत नाही का?"

"भावजी, ओठ निळे पडलेत."

डॉक्टरांनी पट्टीचं विचारलं. दुखण्यावरची, कातडीतून औषध सोडणारी पट्टी, तीन दिवसांनी बदलायची, अंगावर एका वेळी एकच. थोरली ती पाठीवर लावायची, जिथे म्हातारीचा हात पोचणार नाही. पुढे लावली की सासूबाई ओरबाडून काढत, आणि सून औषध देत नाही म्हणून आल्यागेल्याला सांगत. पाठीवरची जागेवर होती. थोरलीने गाऊनची बटणं सोडली. छातीवर दुसरी.

"ती मी लावली, काल," धाकटा म्हणाला. "बघितलं तर पट्टीच नाही. म्हटलं, विसरला असाल."

"विचारायचं तरी!"

"माझ्या आईला औषध लावायला तुमची परवानगी काढू?"

थोरलीने दोन्ही पट्ट्या सोलून काढल्या. फोनमधून डॉक्टर सांगत होते: हे औषध जास्त झालं की मेंदूला श्वास घ्यायची आठवणच राहत नाही. हाक ऐकू जात असेल तर एकेक श्वास सांगून घ्यायला लावा. गाडी निघाली आहे.

"आई, श्वास घ्या!"

छाती वर आली, खाली गेली, थांबली.

"घ्या श्वास! आई!"

पुन्हा वर. बावीस वर्षांत सुनेचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता बाईंनी, तो परत तिच्याच तोंडावर मारला होता. आज शब्दागणिक ऐकत होत्या. धाकट्याने वाकून "आई, घे ना गं," असं म्हणून पाहिलं. लाडक्या लेकासाठी छाती हलली नाही. थोरलीने त्याला बाजूला लोटलं, खांदा गदागदा हलवला आणि घसा फुटेस्तोवर ओरडली, तेव्हा कुठे एक श्वास आला.

असं वीस मिनिटं चाललं. गाडीबरोबर आलेल्या माणसाने पट्टीचं औषध उतरवणारी सुई टोचली, तोवर थोरलीचा आवाज पार बसला होता.

सासूबाईंनी डोळे उघडले. पाठोपाठ दुखणंही जागं झालं. कण्हत त्यांनी लेकाचा हात धरला.

"कशी सुखाची झोप लागली होती रे. हिला तेवढंही बघवलं नाही."

धाकट्याने आईचा हात थोपटला.

"जाऊ दे गं, आई," तो म्हणाला. "त्या जरा घाबरल्या होत्या."