हेल्मेटचा पट्टा

"सर, कुणी मुद्दाम हरलं तर तुम्हाला कळतं का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी सगळ्यांसमोर विचारून टाकलं. सर हसले. "पोहताना, धावताना लगेच कळतं. पण सायकल स्टँडला लावायच्या आधीच हेल्मेटचा पट्टा सोडला ना, तर थेट बाद. आणि लोक म्हणतात, बिचारी गडबडली!"

ट्रायथलॉनच्या निवड चाचणीत माझं पोहणं झकास झालं. सायकलवर तर मी सगळ्यांच्या पुढे होते. धावण्यात नुसती टिकले असते तरी निवड पक्की. म्हणजे पुन्हा वर्षभर पहाटेचा गार तलाव, जेवणाआधी वजनकाटा आणि कठड्यापलीकडून बाबांचं "चल, वाघिणी!"

स्टँड हाताशी आला आणि मी पट्टा सोडला. पंचांची शिट्टी वाजली. इतकी गोड शिट्टी मी जन्मात ऐकली नव्हती!

परतताना गाडीत मी रडवेलं तोंड करून बसले. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, होते एखादी चूक. सरांशी बोललोय मी. उद्यापासून आधी पट्ट्याचाच सराव. पुढच्या वर्षी दाखवूच सगळ्यांना!"

आईने मागे वळून माझा गुडघा थोपटला. "आम्ही आहोत ना तुझ्या पाठीशी."

माझं रडवेलं तोंड आपोआप सरळ झालं.

"आई, बाबा, चूक नव्हती ती. आख्ख्या शर्यतीत तेवढी एकच गोष्ट मी स्वतः ठरवून केली. उद्यापासून मी येणार नाही."