झोपेतला आवाज

माडी काढताना झाडावरून पडल्यापासून कुट्टप्पनला मानेखाली काहीच जाणवत नव्हतं. झोपेत त्याचा श्वास अडकतो म्हणून नर्स लिसीने हवेच्या दाबाने श्वास चालू ठेवणारा मास्क आणला, तर तो हटून बसला. "हात हलत नाहीत माझे. गुदमरलो तर काढू कसा?" लिसीने मोबाइलवर त्याच्याच झोपेचं रेकॉर्डिंग लावलं. तो कान देऊन ऐकू लागला. घोरणं मध्येच थांबलं. बराच वेळ काहीच नाही. "गेला की काय हा?" कुट्टप्पन पुटपुटला. तेवढ्यात काहीतरी किणकिणलं आणि श्वास परतला. पुन्हा तसंच. दर खेपेला आधी किणकिण, मग श्वास. "हे काय वाजतंय?" "कुट्टप्पनचेट्टा, रोज रात्री कुणीतरी छातीला धरून हलवतं तुम्हाला." "कोण?" त्याने नजर खाली वळवली. खाटेला टेकून बायको बसल्याबसल्या झोपली होती. बांगड्या भरलेला हात त्याच्या छातीवर होता. "मास्क लावा," तो कुजबुजला. "हिला उठवू नका."