खात्रीचा मुलगा

"बोला, काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारले.

तिने मागे वळून पाहिले. विद्यापीठाच्या या दवाखान्यात एकीला तपासत असतानाच पुढचीला आत आणून बसवायची पद्धत होती. वेळ वाचतो म्हणे. आज तिच्या पाठीमागच्या बाकावर, हातभर अंतरावर, ताई येऊन बसली होती.

ताई म्हणजे वसतिगृहातल्या त्यांच्या मजल्याचे सर्वोच्च न्यायालय. कोणत्या मुलाबरोबर जावे आणि कोणापासून चार हात लांब राहावे, याचा निवाडा ताईच्या खाटेवर होई. "त्याच्याबरोबर खुशाल जा गं," ताईने सांगितले होते. "घरंदाज आहे, खात्रीचा आहे." धोका असायचा तो अनोळखी माणसात, ओळखीचा माणूस म्हणजे या मुलींच्या लेखी उकळून घेतलेले पाणी.

ती सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रयोगशाळेत झाकलेल्या काचबशीलासुद्धा ती हातमोजे चढवल्याशिवाय शिवत नसे. प्रत्येक नमुना दूषितच समजायचा, हे ती धाकट्या मुलींना दरडावून शिकवी. त्या दुपारी त्याच्या खोलीत मात्र तिने निरोधाचे नावही काढले नाही. काढले असते तर आपण सराईत ठरलो असतो, एवढीच तेव्हा भीती होती. रोगाची भीती मागाहून आली, लघवीची आग आणि ओटीपोटातली कळ घेऊन.

हा आजार तिने परीक्षेसाठी घोकला होता. वेळेवर औषध मिळाले तर तो सहज बरा होतो. अंगावर काढला तर गर्भाशयापर्यंत चढतो, आणि मग पुढे मूल होईल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. उत्तर तोंडपाठ होते. ते फक्त उच्चारायचे होते. मागे बाक करकरला.

"सर्दी," ती म्हणाली.

बाईंनी घसा पाहिला. घसा निर्दोष होता. तरीही त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. "हं, आणि तुमचं काय?"

"मलाही सर्दीच, डॉक्टर," मागून ताई म्हणाली.

"साथच आलेली दिसते वसतिगृहात!" बाई हसल्या. मग त्या दोघींनाही हसावे लागले.

बाहेर आल्या तेव्हा दोघींच्या हातात गोळ्यांच्या सारख्याच पुड्या होत्या. पायरी उतरताना ताईने एकाएकी कठडा पकडला, दुसऱ्या हाताने ओटीपोट दाबून धरले आणि ओठ आवळले. तिने ते पाहिले. ही कळ तिच्या ओळखीची होती.

"ताई, परत आत जाऊ या. दोघी जाऊ. चल ना."

"वेडी आहेस का? कुणाला कळलं म्हणजे?" ताईने मागे वळून दार पाहिले. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने आवाज खाली आणला. "आणि हे बघ, त्याला यातलं काही बोलू नकोस हं. मी तरी कुठे बोललेय? चांगला मुलगा आहे गं, उगाच घाबरेल."