खडा ज्याच्या हातात

बारक्याने प्रश्न विचारला आणि भगत चिडला नाही. संघरत्नाचा अंदाज तिथेच चुकला.

"बाबा, सुपातल्या तांदळाला कसं कळतं, ताप कुनामुळं आला त्ये?"

सुपात तांदूळ टाकून दुखण्याचं कारण सांगणाऱ्या या भगताची प्रश्नावर भंबेरी उडेल, या आशेनेच तर तिने त्याला वर्गात बोलावलं होतं. रोज आसनगावहून निघून टोकावड्याच्या पुढे या वाडीवर यायचं आणि पोरांकडून घोकंपट्टी करून घ्यायची, हे तिला मानवणारं नव्हतं. तिने पोरांना सॉक्रेटिसची गोष्ट सांगितली होती. ग्रीस देशातला अनवाणी म्हातारा, कुणाला काही शिकवायचा नाही, नुसता विचारत सुटायचा. तेव्हापासून पोरं गोल करून बसत. नदीतला गुळगुळीत खडा ज्याच्या हातात, त्याने विचारायचं. बाकीच्यांनी खरं तेच सांगायचं. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, बाईंनीसुद्धा. फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ कायमची होती: 'दुसऱ्याने सांगितलेलं उत्तर आपलं नसतं.'

या आठवड्याचा प्रश्न पोरांनीच निवडला होता. वाडीत ताप का येतो?

भगताने हात पुढे केला. "खडा दे बग. तांदूळ ऱ्हाऊ दे. मी पन तुमच्या बाईवानी नुसतं इचारतो, सांगनार काय नाय. चालंल?"

"चालंल!" पोरं ओरडली.

"ताप कवा आला?"

"दिवाळीच्या मागनं."

"त्याच्या आदी व्हता?"

"नाय."

"मंग दिवाळीला वाडीत नवीन काय आलं?"

पोरं विचारात पडली. विचार करणाऱ्या या चेहऱ्यांवर संघरत्नाचा भारी जीव. बंटी म्हणाला, "पांडूकाकाची मोटारसायकल." मनाली म्हणाली, "यमूची आजी. तानशाकडनं आली."

"आजी रातची भाईर जाते का गो, यमू?"

"जाते," यमू म्हणाली. "मुतायला."

सगळे खो-खो हसले. भगतही हसला.

"एकलीच?"

"एकलीच."

"रानातनं पाला, मुळ्या कोन आनतं?"

"आजी."

"आनि ताप पयला कुनाला आला?"

"मला," यमू म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

प्रश्न कुठे चाललेत ते संघरत्नाच्या लक्षात आलं. पलीकडच्या वाडीत गेल्या साली एका म्हातारीला चेटूक करणारी भुताळी ठरवलं होतं. तिच्या घराचं आता नुसतं जोतं उरलं होतं आणि ती कुठे गेली ते कुणी बोलत नव्हतं.

"बाबा, थांबा! हे असं..."

"बाई," बारक्या हळूच म्हणाला, "खडा तुमच्याकडं नाय."

"मंग पोरांनो," भगताने मऊ आवाजात विचारलं, "ताप कुनामुळं?"

कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांनी यमूकडे पाहिलं.

भगत उठला. "मी कुनाचं नाव घेतलं का बाई? तुमीच साक्षीला हाव." त्याने खडा तिच्या हातात ठेवला आणि तो बाहेर पडला.

मग संघरत्ना बोलली. डबकी, डास, रक्ततपासणी, गोळ्या. जीव तोडून बोलली. पोरं माना डोलावत राहिली, जुन्या गुरुजींपुढे डोलवायची तशा. बंटीची नजर फळ्याच्या कोपऱ्याकडे गेली. तिने पुढे होऊन ती ओळ तळहाताने पुसून टाकली. पांढरा डाग मात्र राहिला.

शाळा सुटली. यमूची आजी रोजच्यासारखी पायरीवर बसली होती, ओच्यात बोरं घेऊन. एरवी पोरं तिच्यावर तुटून पडायची. आज सगळी दारातच थबकली.

"घ्या रं, गोड हायेत."

कुणी पुढे झालं नाही. यमूने मागे सरून बाईंचा हात धरला. बाईंच्या मुठीत खडा लागला, तसा तिने तो काढून घेतला. आजीकडे बघत, वर्गात विचारायची तसं स्पष्ट विचारलं, "आजे, मला ताप तू दिलास का गो?"

"यमू, नको," संघरत्ना म्हणाली.

आजीला वाटलं, पोरांचा काहीतरी खेळ चाललाय. ती बोळक्या तोंडाने हसली. "दिला तर! परवा माजी बोरं खाल्ली नायस, म्हनून दिला!"

कुंपणापाशी भगत उभा होता. तो एकटा नव्हता.