कोंबड्याची नवरी

“कोंबड्या सांभाळा हं, पायात येतात मेल्या,” आतून आवाज आला.

सिन-फात उंबऱ्यातच थांबला. गळ्यात कॅमेरा, हातात छत्री, डोक्यावर प्रवासी घालतात तशी पांढरी टोपी. मलायातल्या इपोहहून निघताना मुलीनं सगळं घेऊन दिलं होतं. चीनमधल्या त्याच्या गावची मातीची गोल गढी तशीच होती. एकच दरवाजा, आत गोलाकार तीन मजले, मधोमध पूर्वजांचं दालन आणि विहीर. माणसं मात्र राहिली नव्हती. पूर्वी संध्याकाळी सगळ्या चुलींचा धूर वर जाऊन एक व्हायचा. आता एकाच चुलीतून निघत होता. ती चूल त्याच्या आईची होती.

चुलीपुढे एक म्हातारी रताळ्याच्या सुकवलेल्या फोडी निवडत होती. त्याच्यापेक्षा थोडी लहान असेल. ही तीच.

“गढी पाहायला आलोय,” तो म्हणाला. “मलायातून.”

“या की. हल्ली बरेच येतात. भिंतीचा फोटो काढतात, डोळे पुसतात आणि बस पकडतात. तुम्ही हक्का बोली बोलता, म्हणजे आपलेच. घ्या रताळं. दात आहेत ना?”

“आहेत थोडे.”

“मग चावू नका, चोखा.”

तो हसला. बायको, छाय-युन, गेल्यापासून पहिल्यांदाच. हसल्याचं लगेच वाईटही वाटलं. खिशात तिची हिरवी बांगडी होती. ती देण्यासाठीच तो आला होता.

ऐन विशीत तो इपोहच्या कथलाच्या खाणीत कामाला गेला. तिथेच त्याचं छाय-युनशी लग्न झालं. आईला कळवायचा धीर होत नव्हता, तेवढ्यात गावाकडून निरोप्या आला. हे निरोपे समुद्रापलीकडच्या लोकांना गावची खबरबात आणि घरचं सामान आणून देत. त्यानं सिन-फातच्या हातात विणलेला लाल कमरपट्टा ठेवला.

“नवरदेव, मजा आहे! आईनं तुझं लग्न लावलं. तुझ्या जागी कोंबडा उभा केला होता, तुझ्यापेक्षा देखणा. जेवण झकास. नवरी पडद्याआड होती, फार लाजते म्हणे. पट्टा तिनंच विणलाय.”

यात नवल काही नव्हतं. नवरा परदेशी असला की असंच लग्न लागायचं, आणि ते पक्कं असायचं. गावची बायको ती थोरली. इथली धाकटी, मग हिचं लग्न आधी झालेलं का असेना.

छाय-युन भांडली नाही. पण त्या वर्षापासून नववर्षाच्या जेवणाला ती मानाच्या खुर्चीपुढे थोरलीचा वाडगा मांडू लागली. स्वतः दाराजवळच्या स्टुलावर बसायची. त्या खुर्चीत ती जन्मात बसली नाही. “ती तिकडे वाट बघत बसलीय. मी तिची खुर्चीपण घेऊ?” म्हणायची.

सिन-फात गावी गेलाच नाही. त्या बाईपुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं? आधी लाज आड आली, मग लढाई, मग बंद झालेल्या सरहद्दी. आई गेल्याचं कळलं तेही फार उशिरा.

मागच्या वर्षी छाय-युन गेली. थडग्याच्या दगडावर तिचं नाव एका कडेला कोरलं, धाकटी म्हणून. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं. मधली मानाची जागा थोरलीसाठी कोरी राहिली. शेवटच्या दुखण्यात तिनं बांगडी काढून त्याच्या हातात दिली. “थोरलीला नेऊन दे. म्हणावं, तुझी होती, मी वापरली. तिनं माफ केलं की मी सुटले.”

“वरही बघून या,” म्हातारी म्हणाली. “तिसऱ्या मजल्यावर आमच्या म्हातारीनं मुलासाठी आणि सुनेसाठी खोली सजवली होती. जपून चढा. जिना तुमच्याहून थकलाय.”

खोलीत लाल पडदा विटून गेला होता. पलंगावर दोन उशा होत्या. दोन्ही कोऱ्या, कुणी डोकं टेकलं नव्हतं असं दिसत होतं. ती खालीच झोपत असेल, आईजवळ, त्याला वाटलं. त्याला तिथे उभं राहवेना.

“कुणी झोपत नाही तिथे?” खाली येऊन त्यानं विचारलं.

“छे! म्हातारी पाय ठेवू द्यायची नाही कुणाला. स्वतः झाडायची रोज.”

भिंतीला पट्टे विणायची फळी टेकवलेली होती. त्यावर अर्धवट विणलेला लाल पट्टा होता, त्याच नक्षीचा.

“तुम्ही विणता?”

“मला कुठलं जमतंय! हात होता तो म्हातारीचा. डोळे गेले तरी विणायची.”

विनयानं बोलतेय, त्याला वाटलं.

“तिच्या शेवटी जवळ कोण होतं?”

“मीच. दुसरं कोण होतं तिला?”

मग मात्र त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं टोपी काढली, बांगडी तिच्यापुढे ठेवली आणि हात जोडून वाकला.

“मी प्रवासी नाही, बाई. मी सिन-फात. ही बांगडी तुमची. माझी छाय-युन गेली. तुमच्या खुर्चीत ती कधी बसली नाही हो. तिला माफ करा. मला नाही केलंत तरी चालेल.”

म्हातारीनं बांगडी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

“भावजी, मी तुमच्या चुलतभावाची बायको. पलीकडच्या चुलीची. म्हातारीला एकटीला होईना, म्हणून इकडे आले.”

“मग नवरी?”

“नवरी कुठली? पडद्याआड कुणीच नव्हतं. सगळ्या गढीला ठाऊक होतं, एक तो निरोप्या सोडून. तुमची आई म्हणायची, बायको वाट बघतेय म्हटलं की पोरगं धावत घरी येईल.”