फुकटातला फॅक्स

सासऱ्यांचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि त्यांचा जुना रिपोर्ट हॉस्पिटलला हवा होता. "फॅक्सच करा," असं तिथल्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. "आता फॅक्स मशीन कुठून आणायचं?" बायको रडकुंडीला आली. "मी आहे ना! मशीन नको नि पैसे नकोत," म्हणत जावईबापूंनी छाती फुगवली.

रिपोर्ट घेऊन ते हॉस्पिटलातल्याच बाकावर बसले. पानांचे फोटो काढले, फुकट फॅक्स पाठवणारी वेबसाइट हुडकली, नको त्या जाहिरातींवर बोट पडून दोनदा भलतीकडेच पोहोचले आणि घामाघूम होऊन शेवटी एकदाचं बटण दाबलं. 'फॅक्स पोहोचला' हे वाचून त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

तेवढ्यात बाकामागच्या खोलीत मशीन किरकिरलं. हातात काळेकुट्ट कागद घेऊन नर्स बाहेर आली. "कोणी पाठवलंय हे? एक अक्षर लागत नाही!"



बायकोने नवऱ्याच्या मांडीवरचा मूळ रिपोर्ट उचलला आणि नर्सपुढे धरला. "सिस्टर, हातोहात दिलेला चालतो ना?"