निघालेल्याला विचारू नये

खाडीला भरती लागली होती आणि शिवाची लेक तिकडे फिनलंडात, हेलसिंकीत, इंग्रजीत भाषण देत होती. पनवेलच्या कोळीवाड्यात, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत शिवा आणि त्याची बायको मैना मांडीला मांडी लावून बसले होते. नेटवर्क घरात धड येत नाही, होडीत कसं झकास येतं. मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केलेला, आणि त्या वीतभर काचेत किशोरी.

तिथल्या संमेलनात एकच सॉफ्टवेअर वापरणारी देशोदेशीची माणसं जमतात आणि आपापल्या खोड्या-खुब्या एकमेकांना सांगतात, असं तिनं जाताना बापाला समजावलं होतं. म्हणजे कुठलं जाळं कुठं फाटतं ते एकमेकांना दाखवायचं, एवढं शिवाला पटलं. न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनरांचा माग ठेवताना जे उमगलं, ते ती सांगणार होती. पण दुसरी गोष्ट तिनं अगदी शेवटी, चपला घालता घालता सांगितली. तिथल्या एका कंपनीनं तिला कायमची नोकरी देऊ केली होती. "भाषण झालं की त्यांना उत्तर देईन, बाबा." शिवा तिची पिशवी उचलून पुढे चालायला लागला.

आता लेक बोलत होती आणि शिवाला अक्षर कळत नव्हतं. पण आवाज कसा, मऊ, कुठे न अडखळणारा. ऊन उतरलं होतं, पाणी होडीच्या बुडाला हळूहळू चाटत होतं, आणि ते परकं बोलणं ऐकता ऐकता त्याला गुंगी आली. वाटलं, होडी आपली आपण सुटलीय, खाडी ओलांडून मोठ्या पाण्याला लागलीय, आणि किशोरी पुढच्या टोकावर उभी राहून कुणाकुणाला हाका मारतेय. हाका सगळ्या पुढच्याच दिशेला. मागे वळून बघायचं नावच नाही पोरीला. तो दचकून सावध झाला.

"काय झालं वो?" मैनानं विचारलं.

"काय नाय," म्हणत त्यानं मोबाईल उचलला. चित्राखाली लिहायची चौकट होती, शेजारी माइकची खूण. शिवाला वाटलं, हे आपल्या व्हॉट्सॲपसारखंच, थेट लेकीलाच जाणार. मैनाकडे पाठ करून त्यानं खुणेवर बोट दाबलं आणि पुटपुटला, "किशू, परत कवा येशील?"

मैनानं ऐकलंच. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अवो, निघालेल्याला इचारतात का कवा येशील? तुमी दर्यावर जाताना मी कदी इचारलं? कोनी इचारलं तर होडी माघारी फिरवायला लागते. घरात येऊन टेकायचं, घोटभर पानी प्यायचं, मंग नव्यानं निघायचं. समदं ठावं असून?"

"ठावं हाय," शिवा म्हणाला. "पन जीव ऱ्हात नाय ना गो."

आणि खरी गंमत तर पुढेच. भाषणाची लिंक मैनानं सकाळीच वाड्याच्या ग्रुपवर टाकली होती, घरोघरी किशोरी चालू होती. सगळ्यांच्या चौकटीत शिवाचं नाव आणि त्यानं पुटपुटलेलं अक्षरांत उमटलं, खाली अंगठ्याची खूण दिसली. आता कुणाचं काही आलं की अंगठा द्यायचा, बारशाला द्यायचा आणि तेराव्यालाही द्यायचा, ही वाड्याची रीतच. गुणाबाईनं दिला, धर्मराजनं दिला, कोळंबी सोलता सोलता आख्ख्या आळीनं दिला. ज्या प्रश्नाला अंगठे जास्त, तोच तिकडे सभेत पहिला घेतात, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. एक उंच बाई माइक घेऊन पुढे आली, हसत काहीतरी बोलली, आणि किशोरीच्या मागच्या भिंतभर पडद्यावर मराठी अक्षरं झळकली. किशू, परत कवा येशील?

शिवानं वाचलं. भर सभेत पोरीचं हसं केलं आपण, घरातली गोष्ट नेऊन वेशीवर टांगली. "बंद कर, बंद कर ते," तो मैनावर ओरडला. मोबाईल त्याच्याच हातात होता.

किशोरी मागे वळली. वाचलं तिनं. त्या बाईनं तिला काहीतरी विचारलं, बहुतेक अर्थच विचारला असावा. किशोरीनं डोळे पुसले, आणि इंग्रजीबिंग्रजी सोडून सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"इचारलंत ना बाबा?" ती म्हणाली. "आता होडी फिरवायलाच लागंल. यीन मी. घरात टेकंन, घोटभर पानी पिईन. आनि मंग परत निघंन."

सभेला काही कळलं नाही, तरी टाळ्यांचा कडकडाट झाला. वाड्यानं 'यीन' एवढंच ऐकलं आणि घराघरांतून आरोळी उठली. गुणाबाई तर कोळंबीच्या हातांनीच गल्लीत नाचायला लागली. शिवा मात्र शेवटच्या शब्दाशीच अडकून बसला होता.

"परत निघंन म्हनली गो," तो म्हणाला.

मैना उठली. होडीतून उतरली आणि साडी सावरत, घोटाभर पाण्यातून घराकडे चालायला लागली.

"मोठा तांब्या काढते माळ्यावरला," ती जाता जाता म्हणाली. "पिऊ दे सावकाश."